आईची पैठणी, आजीचा टेबलक्लॉथ आणि जुने डाग

पत्राचा गोषवारा: ठाण्याच्या एका वाचक भगिनीच्या आईचे मागच्या वर्षी निधन झाले. नाशिकचे घर आवरताना त्यांना लोखंडी पेटीत तीन वस्तू सापडल्या. एक म्हणजे आईची १९६४ सालच्या लग्नातली जांभळी पैठणी, दुसरी म्हणजे आजीने क्रोशाची लेस विणून लावलेला पांढरा सुती टेबलक्लॉथ आणि तिसरी जुन्या साड्यांची गोधडी. तिन्हींवर डाग आहेत. पैठणीच्या पदरावर मधोमध तळहाताएवढा तपकिरी, तेलकट डाग आहे. खांद्यावर येणाऱ्या भागात कुंकवासारखे काहीतरी लाल पसरले आहे आणि निऱ्यांवर पाण्याची वेडीवाकडी रेघ उमटली आहे. टेबलक्लॉथवर गंजाचे ठिपके आणि घड्यांवर पिवळट-तपकिरी पट्टे आहेत. शिवाय एका कोपऱ्यात मागच्या बाजूला फुलीसारखा बारीक काळा डाग आणि त्याखाली दोन ठिपके आहेत, जे साबणाने घासून घासून हात दुखले तरी तसूभरही फिके झालेले नाहीत. येत्या मार्गशीर्षात मुलीचे लग्न आहे आणि तिने आजीची पैठणी नेसावी अशी या भगिनींची फार इच्छा आहे. शेजारणीने ब्लीच सुचवले आहे, व्हिडिओत व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करायला सांगितले आहे, आणि ‘वेळच्या वेळी धुतले असते तर ही पाळी आली नसती’ हे वहिनींचे वाक्य मनाला लागून राहिले आहे. ‘डाग पूर्ण निघतील असा एकच खात्रीचा उपाय सांगा,’ असे त्यांनी लिहिले आहे.

उत्तर:

तुमचे पत्र वाचताना माझे लक्ष सर्वांत आधी गेले ते टेबलक्लॉथच्या कोपऱ्यातल्या त्या फुलीकडे, म्हणून सुरुवात तिथूनच करते. तो डाग नाही. ती परिटाची खूण आहे. दहा घरांचे कपडे एकाच भट्टीत जात असत तेव्हा कोणते कापड कोणत्या घरचे हे ओळखण्यासाठी परीट प्रत्येक घराची एक खूण ठरवत आणि ती बिब्ब्याच्या रसाने कपड्याच्या कोपऱ्यात, उलट्या बाजूने काढत. बिब्ब्याचा रस आणि त्यावर चुना, एवढ्यावर ती खूण काळीभोर आणि कायमची होते. इंग्रजांनी या फळाला नावच ‘मार्किंग नट’ असे दिले होते. सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यातून शेकडो वेळा निघूनही पुसली जाऊ नये यासाठीच ती योजलेली असते, तेव्हा तुमच्या साबणाने ती हलली नाही यात नवल नाही. ज्या खुणेमुळे तो टेबलक्लॉथ दर वेळी बिनचूक तुमच्या आजीच्या घरी परत आला, तीच तुम्ही हात दुखेपर्यंत घासत होता. तिला आता सोडून द्या, कारण घासून खूण जाणार नाही, कापड मात्र तिथे विरेल.

हे आधी सांगितले याला कारण आहे. तुमच्या पत्रात सात-आठ निरनिराळ्या गोष्टी ‘डाग’ या एकाच शब्दाखाली आल्या आहेत, आणि त्यामुळेच त्या सर्वांवर एकच खात्रीचा उपाय असावा असे तुम्हाला वाटते आहे. गंज हे लोखंड आहे, पदरावरचा डाग तेलाचा आहे, घड्यांवरचे पट्टे म्हणजे कापूस स्वतःच म्हातारा झाल्याची खूण आहे, आणि कुंकू हा रंग आहे. गंजाला आम्ल लागते, तेलाला विद्रावक, म्हणजे ते विरघळवणारा द्रव लागतो, घड्यांच्या पट्ट्यांना बरेचदा नुसते पाणी पुरते आणि कोरड्या कुंकवाला पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नसतो. एकाचे औषध ते दुसऱ्याचे विष, अशी ही परिस्थिती आहे.

दुसरे गृहीतक जास्त नुकसान करणारे आहे, आणि ते तुमच्या एकटीचे नाही. डाग जुना म्हणजे औषध जहाल हवे, असे आपण सगळेच धरून चालतो. डाग जुना होतो म्हणजे काय होते ते पाहा. पुष्कळशी तेले हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून हळूहळू घट्ट होतात आणि त्यांचा जवळजवळ रोगणासारखा थर बनतो. चहातली द्रव्ये काळवंडतात. रक्त आणि दूध यांतली प्रथिने एका गरम इस्त्रीने शिजून धाग्याला चिकटून बसतात. डाग दर वर्षी असा पक्का होत जातो हे खरे. पण त्याच वर्षांत कापडही म्हातारे होत असते, आणि साठ वर्षांचे रेशीम काही नव्या रेशमाइतके सोसत नाही. म्हणजे हट्टी डाग आणि हळवे कापड अशी गाठ पडलेली असते. ताज्या डागाला चालणारे जोर आणि रसायन जुन्या डागावर वापरले की बहुतेक वेळा हार कापडाची होते. इथे जोराऐवजी वेळ खर्च करायचा असतो. एक सौम्य उपाय चार वेळा करायचा आणि दर वेळी थांबून कापडाकडे पाहायचे.

वहिनींच्या वाक्याबद्दलही दोन शब्द लिहिते, कारण ते उपायांच्याही आड येते आहे. अपराधी भावनेने धुवायला बसलेला माणूस थांबायचे तिथे थांबत नाही. पेटीतले पिवळे पट्टे पुष्कळदा हेळसांडीने नव्हे तर व्यवस्थितपणानेच पडतात. धुऊन, खळ देऊन, कडक इस्त्री करून, नेटकी घडी घालून कापड पेटीत ठेवले की वर्षानुवर्षे त्याच घडीवर ताण येतो, खळीमुळे कसर लागते, आणि पेटीचे लोखंड पावसाळी दमटपणात गंज देते. लिंबाच्या सरबताचा थेंब वाळल्यावर दिसतही नाही, म्हणून कोणी तो धूत नाही, आणि वीस वर्षांनी त्याच जागी तपकिरी गोल उमटतो. तुमच्या आईने हे कापड टाकून दिले नाही, बोहारणीच्या भांड्यांवर घातले नाही, पेटीत जपून ठेवले. त्या पिढीतल्या कितीतरी घरच्या पैठण्या स्टीलच्या डब्यांच्या बदल्यात गेल्या आहेत.

आता टेबलक्लॉथ. तिन्हींत तो सर्वांत सोपा आहे, म्हणून हात बसवायला आधी तोच घ्या.

तो भिजवण्याआधी दिवसाच्या उजेडात पसरून ठेवा आणि कडेचा एखादा धागा नखाने हलकेच ओढून पाहा. धागा तुटला नाही तर कापड धुण्याजोगे आहे. लेस विरलेली वाटली तर जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्यावर टेबलक्लॉथ पसरून त्या जाळीसकटच तो पाण्यात सोडा आणि जाळीसकटच उचला, कारण ओल्या कापडाचे वजन फार वाढते आणि ते वजन लेशीच्या चार धाग्यांवर पडले की टाके निसटतात. प्लास्टिकचा रुंद टब घ्या, लोखंडी बादली नको. पाणी गाळलेले असावे. बोअरवेलच्या पाण्यात बरेचदा लोहाचा अंश असतो आणि तोच पुन्हा कापडावर बसतो.

पहिल्या दिवशी साबण अजिबात नको. नुसत्या थंड पाण्यात दोन-तीन तास भिजत ठेवा, पाणी ओता, पुन्हा भरा. पहिले पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे निघाले तर घाबरू नका; कापूस जुना होताना जी आम्लयुक्त पिवळी द्रव्ये तयार होतात ती अशी पाण्यातच उतरतात, आणि घड्यांवरचे निम्मे पट्टे या एका पायरीत फिके झालेले मी पाहिले आहेत. पाणी स्वच्छ निघेपर्यंत हे करत राहा, मग त्याला चार वेळा लागोत की सहा.

त्यानंतर गंज, आणि तोही बाकी कशाच्याही आधी. याचे कारण माझ्या घरात घडलेले आहे. पंचवीस वर्षांपूर्वी सासूबाईंनी कशिदा काढलेल्या एका पांढऱ्या अभ्र्यावर गंजाचे पाच ठिपके होते आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने त्यावर कपड्यांचे साधे क्लोरीनचे ब्लीच ओतले. ठिपके गेले नाहीतच, उलट गडद झाले. आणि पुढच्या दोन धुण्यांत त्या पाच जागी बरोबर त्याच आकाराची पाच भोके पडली. ब्लीच गंज काढत नाही, तो पक्का करते. ऑक्सिजन ब्लीच आणि हायड्रोजन पेरॉक्साइड गंजाशी गाठ पडल्यावर त्या ठिपक्यापुरती इतकी वेगाने काम करतात की खालचा कापूसच जळतो. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी त्या पाच भोकांवर पाच छोटी फुले काढून दिली, आणि तो अभ्रा अजून आमच्याकडे आहे.

गंजासाठी लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, वापरा. ते किराणा दुकानात मिळते. कपभर कोमट पाण्यात एक चहाचा चमचा लिंबूसत्त्व विरघळवून ते कापसाच्या बोळ्याने फक्त ठिपक्यावर लावा, वर प्लास्टिकचा तुकडा झाका आणि दहा-पंधरा मिनिटांनी भरपूर पाण्याने खंगाळा. ठिपका केशरीचा फिका पिवळा झाला की पुन्हा एकदा करा. आपल्या आज्या लिंबू आणि मीठ चोळून कापड उन्हात टाकत, आणि त्याने गंज जात असे, कारण लिंबातले आम्ल लोखंडाला विरघळवते. परंतु आम्ल कापसात वाळू दिले की ते धागा खाते, म्हणून जुन्या कापडावर आम्लाला वाळायची संधी द्यायची नाही. ऑक्झॅलिक ॲसिड याहून झपाट्याने काम करते, पण ते विषारी आहे, आणि लग्नघरात मुले-पाहुणे वावरत असताना ते आणूच नये असे माझे मत आहे.

गंज पूर्ण गेला आणि कापड नीट खंगाळले गेले की उरलेल्या तपकिरी पट्ट्यांसाठी ऑक्सिजन ब्लीच घ्या. डब्यावरच्या घटकांत सोडियम परकार्बोनेट लिहिलेले असले पाहिजे आणि क्लोरीनचा उल्लेख नसावा. चार-पाच लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा पावडर पूर्ण विरघळवून मग त्यात कापड सोडावे आणि दोन-तीन तासांनी पाहावे. हे पांढऱ्या सुती कापडापुरतेच आहे. रंगीत कशिद्याला आणि रेशमाला ते चालणार नाही. पिळू नका. जाड टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सपाट पसरून वाळवा. सध्या श्रावण आहे, त्यामुळे पंख्याखाली वाळवावे लागेल. मात्र ऑक्टोबरचे ऊन पडले की तोच टेबलक्लॉथ पुन्हा ओला करून एक सकाळ उन्हात पसरा. उरलासुरला पिवळेपणा ऊन खाते. पांढऱ्या कापडावरच्या हळदीलाही हेच औषध आहे, कारण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. (हळदीच्या डागावर साबण लागताच तो लालभडक होतो आणि बायका घाबरतात. साबणातल्या अल्कलीत हळद लाल होते इतकेच. हळदीला चुना देऊन कुंकू करतात ते याच गुणावर. नीट खंगाळल्यावर तो डाग पुन्हा पिवळा होतो आणि मग उन्हाचा.)

व्हिडिओतल्या व्हिनेगर-सोड्याबद्दल एवढेच सांगते की दोन्ही वेगवेगळे उपयोगी असले तरी एकत्र आले की एकमेकांना मारतात. फेस छान येतो, आणि उरते ते थोडे क्षार विरघळलेले पाणी. शेजारणीचे ब्लीच आणि व्हिडिओतले व्हिनेगर मात्र कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

गोधडीला आत्ता हात लावू नका. ती आतून किती थरांची आहे आणि आतल्या साड्यांचे रंग पक्के आहेत की नाहीत हे बाहेरून कळत नाही. ती भिजली की आतला मळ आणि रंग वर येतो आणि जिथे एक डाग होता तिथे मोठे कडे उमटते. पावसाळ्यात ती आतपर्यंत वाळणारही नाही. ऑक्टोबरपर्यंत ती खाटेवर पसरून हवा द्या, दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने झटका, वास गेला तर तेवढे पुरे समजा. धुवायचीच ठरली तर आधी प्रत्येक रंगाच्या तुकड्यावर ओला पांढरा रुमाल दोन मिनिटे दाबून पाहा, रुमालावर रंग उतरला तर तो विचार सोडा. मुलांच्या कपड्यांवरचे डाग काढणाऱ्या, प्रथिने खाणाऱ्या एन्झाइमच्या पावडरी सुती तुकड्यांना चालतात. पण गोधडीत एखादी रेशमी साडी असेल तर त्या तिचेही प्रथिन खातात, कारण रेशीम हे शेवटी प्रथिनच आहे.

याच वाक्यापाशी पैठणी सुरू होते. रेशीम प्रथिनाचे असल्यामुळे एन्झाइम, धुण्याचा सोडा, कपड्याचा साबण, क्लोरीन हे सगळे त्याला वर्ज्य. क्लोरीनच्या ब्लीचमध्ये रेशीम अक्षरशः विरघळते. त्यात पैठणीच्या पदराची वीण अशी की मोर, वेली, फुले ही सगळी रंगीत बाण्याचे धागे हाताने एकमेकांत अडकवून विणलेली असतात. म्हणून पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, आणि म्हणूनच तो घासला की नक्षीच्या कडा हलतात. घासणे हा शब्दच पैठणीच्या बाबतीत विसरा.

आधी तिची तब्येत पाहा. पैठणी खिडकीसमोर धरून घड्यांच्या रेषा न्याहाळा. जिथे रेषेवर बारीक चिरा दिसतील किंवा धागे सरकून उजेड आरपार येत असेल, तिथे ती फसकली आहे. असे दोन-तीन ठिकाणी असेल तर डागांचा विषय बाजूला ठेवून आधी रफूगराला दाखवा, कारण अशी साडी ड्रायक्लीनिंगच्या फिरत्या पिंपात टिकणार नाही, आणि नेसताना खांद्यावर पिन टोचली की तिथूनच उभी फाटेल. चिरा नसतील तर पुढे वाचा.

खांद्यावरचे लाल जर कोरडे कुंकू असेल तर त्याला पाणी लावू नका. पदर हाताने उभा धरून, रंगकामाच्या अगदी मऊ ब्रशने विणीच्या दिशेने ते झाडा. किंवा व्हॅक्युम क्लीनरच्या तोंडाला नायलॉनची जाळी बांधून, सर्वांत कमी वेगावर, कापडापासून बोटभर अंतर ठेवून ते ओढून घ्या. पाण्याचा एक थेंब पडला की त्याच कुंकवाचा रंग होतो, आणि कुंकवात कृत्रिम रंग असला तर तो रेशमात असा शिरतो की मग कोणाच्याही हाती काही उरत नाही. झाडून गेले तितके गेले. जे रंगून बसले आहे ते राहू द्या.

पदरावरच्या डागाबद्दल माझा एक अंदाज आहे. तो पदराच्या मधोमध आहे, तळहाताएवढा आहे, तपकिरी आहे आणि तेलकट आहे. पदर पुढे पसरून ओटी घेताना नारळ, खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि खोबऱ्याची वाटी नेमकी कुठे पडते ते आठवा. जांभळ्या रेशमावर खोबऱ्याचे तेल आणि हळद एकत्र मुरली तर साठ वर्षांनी जे दिसेल ते तुम्ही वर्णन केल्यासारखेच असेल. हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. डाग कशाचा आहे यावर तो कसा निघेल हे अवलंबून असते. खडू, टाल्कम पावडर, मुलतानी माती हे उपाय ताज्या तेलाचे आहेत, साठ वर्षे मुरलेले तेल ते शोषून घेत नाहीत. त्याला ड्रायक्लीनिंगचा विद्रावकच लागेल, आणि तेल निघाल्यावर त्याखालचा हळदीचा पिवळेपणा कदाचित जास्त स्पष्ट दिसेल, कारण तो त्या विद्रावकात सहसा सुटत नाही. पांढऱ्या कापडावर मी तुम्हाला ऊन सांगितले. रेशमावर ते सांगणार नाही, कारण ऊन हळदीबरोबर जांभळा रंगही खाईल आणि रेशीमही कमकुवत करील. म्हणजे हा डाग फिका होईल, कदाचित निम्मा होईल, पण पूर्ण जाईल असे मला वाटत नाही. पत्राला ‘पूर्ण निघेल’ असे उत्तर देणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्यापैकी एकाने माझ्या मैत्रिणीच्या आईचा शालू असा ‘पूर्ण’ स्वच्छ करून दिला की डागाच्या जागी कापडाचा रंगच पांढुरका झाला होता.

तेव्हा दुकान निवडताना गल्ल्यावर साडी ठेवून पावती घेऊन येऊ नका. जो माणूस प्रत्यक्ष डागावर काम करतो त्याच्याशी बोला. साडी किती जुनी आहे, तिची जरतार जुन्या पद्धतीची चांदीची असण्याचा संभव आहे, डाग तेल आणि हळदीचा वाटतो, आणि निघाला नाही तरी चालेल पण रंग उडता कामा नये, हे त्याला सांगा. आधी आतल्या टोकाला, जिथे साडी कमरेशी खोचली जाते तिथे, विद्रावकाचा थेंब टाकून रंग तपासायला लावा. साडी जाळीच्या पिशवीत घालून धुवायची, वाफेची गरम इस्त्री डागावर फिरवायची नाही, आणि ‘रोल पॉलिश’ करायचे नाही, हे पावतीवर लिहून घ्या. शेवटची अट विसरू नका, कारण बरेच जण ते न विचारताच करून देतात. त्यात साडीला खळीसारखे द्रव्य लावून गरम रुळांवरून ताणून काढतात, आणि नव्या साडीला त्याने झळाळी येत असली तरी साठ वर्षांच्या रेशमाला तो ताण नको. हे ऐकून समोरचा कंटाळला तर दुसरीकडे जा.

काळवंडलेली जरतार हा डाग नव्हे. चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते, समईसारखी चिंचेने घासायची ती वस्तू नाही. आणि निऱ्यांवरची पाण्याची रेघ नेसल्यावर निऱ्यांतच जाते, तिच्यासाठी अख्खी साडी पाण्यात घालण्याचा धोका पत्करू नये.

राहिला लग्नाचा प्रश्न. तुमच्या सहा पानी पत्रात मुलीची इच्छा काय आहे याबद्दल मला एकही ओळ सापडली नाही. तिने पैठणी मागितली आहे का? तिने ती पाहिली आहे का, डागासकट? तुम्हाला डाग दिसतो कारण तुम्हाला तो काढायचा आहे. तिला कदाचित आजी दिसेल, किंवा कदाचित सहा तास नेसून वावरायला अवघड अशी एक जुनी साडी दिसेल, आणि दोन्ही उत्तरे तिला देता आली पाहिजेत. म्हणून ड्रायक्लीनिंगला देण्याआधी तिच्यासमोर साडी उलगडा, आणि डागाची माफी न मागता उलगडा.

ती हौसेने तयार झाली तर सगळ्या विधींना नव्हे, एखाद्या तासाभराच्या प्रसंगाला नेसवा. पदराच्या चुण्या अशा घालता येतात की मधला डाग आत जातो, आणि अनुभवी नेसवणारी बाई ते पाच मिनिटांत जमवते. घाम, अत्तर आणि हेअर स्प्रे यांनी नवे डाग पडतात, म्हणून अत्तर आधी आणि साडी नंतर. नेसायला ती नको म्हणाली, किंवा साडी फसकलेली निघाली, तर तीच पैठणी घडी करून अंतरपाट म्हणून धरता येईल. तिथे ना ताण, ना घाम, ना पिन, आणि डाग घडीच्या आत. मात्र त्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढू नका असे गुरुजींना आणि उत्साही आत्यांना आधीच सांगून ठेवा, आणि अक्षता कुंकवाने रंगवू नका, नाहीतर माझ्याकडे पुन्हा पत्र येईल.

तिसरा मार्गही लोक सुचवतील, तो म्हणजे काठ-पदर कापून नव्या रेशमावर चढवण्याचा. ते काम करणारे कारागीर आहेत, आणि मधले अंग पूर्ण जीर्ण झाले असेल तर तो उपाय वाईट नाही. पण अंग धड असताना केवळ एका डागापायी कात्री लावू नये असे मला ठामपणे वाटते, कारण धुणे चुकले तर डाग राहतो, कात्री चुकली तर परतीची वाट नाही. साडी फारच जीर्ण निघाली आणि कोणाचा सल्ला घ्यावा कळेना, तर वस्त्रांचे संवर्धन हा एक वेगळा व्यवसाय आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असे संवर्धन केंद्र आहे आणि इन्टॅक या संस्थेचीही केंद्रे आहेत. तिथे निदान काय करू नये हे तरी नीट कळते.

पुन्हा ठेवताना लोखंडी पेटी नको. मांजरपाट आणा, दोन वेळा धुऊन त्याची खळ काढा, त्यात पैठणी सैल गुंडाळा. प्लास्टिकची पिशवी, वर्तमानपत्र आणि रबरबँड यांच्यापासून तिला दूर ठेवा, आणि डांबराच्या गोळ्या जरीला चिकटू देऊ नका. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, सावलीत उलगडून घडी बदला, म्हणजे त्याच रेषेवर ती चिरणार नाही. टेबलक्लॉथ खळ न देता ठेवा, इस्त्री वापरायच्या दिवशी करा.

आणि गुंडाळीत एक चिठ्ठी ठेवा. पैठणी कोणाची, कोणत्या सालची, पदरावरचा डाग कशाचा असावा, तो काढायला काय केले आणि कुठे थांबलात, हे तारखेसह लिहा. टेबलक्लॉथच्या चिठ्ठीत कोपऱ्यातली फुली आणि दोन ठिपके परिटाचे आहेत हे विसरू नका, नाहीतर चाळीस वर्षांनी तुमची नात ते घासत बसेल.